पाहुण्यांस अलिबाग कशी दाखवावी?

नाताळची सुटी लागली कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. कोणाचे मामा पुण्याहून येतात, कोणाची आत्या मुंबईहून लाँचनें मांडव्यास उतरते, कोणाच्या वडिलांचे कचेरींतील स्नेही सहकुटुंब येऊन दाखल होतात. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट माणसें आणणारी मोठी बोट सुरू झाल्यामुळें ही वर्दळ अधिकच वाढली आहे. थंडीच्या दिवसांतील येथील स्वच्छ ऊन, निरभ्र आकाश व शांत समुद्र यांचें घाटावरील माणसांस फार अप्रूप असतें. परंतु बहुतेक पाहुणे अलिबाग पाहतात ती अशी कीं, भर बाराच्या उन्हांत किनाऱ्यावर उभें राहावें, किल्ल्याभोंवतींचें पाणी पाहून ‘आज कांहीं जातां येत नाहीं’ म्हणून हळहळावें, शहाळें प्यावें, घोडागाडींतून एक फेरी मारावी आणि सायंकाळीं परतीची वाट धरावी. यांत पाहुण्यांचा दोष नाहीं. घरच्या मंडळींनीं त्यांस दुसरें कांहीं सांगितलेलेंच नसतें.

मुंबईंत एखाद्यास भोळसट ठरवावयाचें झालें म्हणजे ‘अलिबागहून आलास काय?’ असें विचारण्याची खोड आहे. या बोलण्यास बंदी करावी म्हणून कोणी एक गृहस्थ उच्च न्यायालयापर्यंत गेले होते; २०१९ सालीं न्यायालयानें ती मागणी फेटाळली. झालें तें ठीकच झालें असें आम्हांस वाटतें. अलिबागहून आलेल्या मुलास भरतीची वेळ तोंडीं सांगतां आली तर विचारणारा आपोआप गप्प बसेल. म्हणून प्रथम तोच विषय घेऊं.

पाहुण्यास येथें मिळणारा सर्वांत मोठा आनंद म्हणजे समुद्राच्या तळावरून पायीं चालत कुलाबा किल्ल्यांत जाणें हा होय. ओहोटी झाली कीं किनारा व किल्ला यांमधील काळसर, घट्ट वाळू उघडी पडते, आणि ज्या जागीं कांहीं तासांपूर्वीं होड्या चालत होत्या त्याच जागीं माणसें व घोडागाड्या चालूं लागतात. हें दृश्य ज्यानें कधीं पाहिलें नाहीं त्यास तें जादूप्रमाणें वाटतें. पण हीच वाट वेळ चुकलेल्या माणसाचा घात करूं शकते. गप्पांत व छायाचित्रें काढण्यांत रमलेली मंडळी किल्ल्यांत अडकून पडल्याचे प्रसंग घडतात, आणि घाईघाईनें वाढत्या पाण्यांत शिरणें हें तर अडकून पडण्याहूनहि वाईट. तेव्हां पाहुण्यांस वाटेस लावण्यापूर्वीं यजमानानें भरती-ओहोटीचा हिशेब करावा हें उत्तम.

हा हिशेब कोंकणच्या किनाऱ्यावरील लोक पिढ्यान्‌पिढ्या पंचांगावरून करीत आले आहेत. रीत अगदीं सोपी आहे. त्या दिवसाची जी तिथि असेल तिची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. शुद्ध पक्ष असो वा वद्य पक्ष असो, रीत एकच. आपल्या आजोबा-पणजोबांकडून शाळेंत पाउणकी पाठ करवून घेत. ती येथें अशी उपयोगी पडे. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजतां भरती. अष्टमी असेल तर सहा वाजतां. भरत्या दिवसाकांठीं दोन येतात व त्यांमध्यें सुमारें साडेबारा तासांचें अंतर असतें; म्हणून दुपारीं तीनला भरती असेल तर आदल्या पहांटेस तिनाच्या थोडें आधीं एक भरती होऊन गेलेली असते. भरतीनंतर सहा तास व वर दहा-बारा मिनिटें गेलीं म्हणजे पूर्ण ओहोटी. चतुर्थीस सकाळीं नवाच्या सुमारास वाळू उघडी सांपडेल हें यावरून घरबसल्या सांगतां येतें.

पाऊणपटच कां, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. समुद्राचें पाणी मुख्यत्वेंकरून चंद्राच्या आकर्षणानें चढतें-उतरतें. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां उगवतो, म्हणून भरतीहि रोज तितकीच मागें पडते. तीस तिथींत ही मागें पडण्याची क्रिया चोवीस तासांचा पूर्ण फेरा करते. म्हणजे एका तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटें झालीं. जुन्या लोकांनीं तोंडीं हिशेबाच्या सोयीसाठीं पंचेचाळीस, म्हणजे पाऊण तास, धरला. यांत तिथीमागें तीन मिनिटांची तूट येते, आणि पंधरा तिथींत ती पाऊण तासाची होते. त्यामुळें पौर्णिमेस किंवा अमावास्येस पाउणकीनें सव्वाअकरा येतात, पण खरी भरती बाराच्या आसपास असते. पक्षाच्या आरंभीं रीत बरोबर, शेवटीं शेवटीं थोडी मागें. इतकें ध्यानांत ठेवलें कीं फसगत होत नाहीं. शिवाय वारा व इतर कारणांनीं थोडाफार फरक पडतोच. नक्की मिनिटें हवीं असल्यास मुंबई बंदराचें भरतीचें छापील कोष्टक पाहावें; हल्लीं तें मोबाईलवरहि मिळतें. पण ज्यास पाउणकी येते त्यास कोष्टकांतील छपाईची चूकहि ओळखतां येते, आणि ज्यास येत नाहीं तो मोबाईलची वीज संपली कीं आंधळा.

नुसती वेळ कळून भागत नाहीं. पाणी किती उतरणार हेंहि पाहावें लागतें. अमावास्या व पौर्णिमा या दिवशीं सूर्य व चंद्र पृथ्वीशीं एका रेषेंत येतात व दोघांची ओढ एकत्र होते. यास उधाण म्हणतात. उधाणास भरती उंच चढते आणि ओहोटीहि खोल जाते. मुंबईच्या बाजूस उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळींत सरासरी साडेतीन मीटरांहून थोडें अधिक अंतर पडतें. अष्टमीच्या सुमारास सूर्य व चंद्र काटकोनांत असल्यामुळें ओढ विभागते. त्यास कोळी लोक भांग म्हणतात. भांगांत हेंच अंतर दीड मीटरच्या आसपास उरतें. म्हणजे अष्टमीस ओहोटी दुपारीं बाराला, सोयीच्या वेळीं खरी, परंतु पाणी पुरतें हटतच नाहीं. वाटेंत गुडघाभर, कधीं त्याहूनहि अधिक राहतें. उलट ऐन पौर्णिमेस पाणी दूर जाईल, पण सकाळीं सहाला व सायंकाळीं सहाला. सायंकाळची ओहोटी मोहक दिसते; सूर्य किल्ल्यामागें बुडत असतो, वाळू ओली चकाकत असते, आणि पाहुणे म्हणतात, चला जाऊं या. त्यांस जाऊं देऊं नये. परततांना अंधार आणि भरती दोन्हीं एकदम गांठतील.

मग चांगले दिवस कोणते? द्वितीयेपासून पंचमीपर्यंतचे. उधाणाचा जोर तिथीनंतरहि एक-दोन दिवस टिकून असतो, आणि ओहोटी सकाळीं पावणेआठ ते दहा यांमध्यें येते. ऊन कोंवळें, उजेड भरपूर, आणि पुढें सारा दिवस मोकळा. पाहुण्यांस बोलावणें धाडतांना पालकांनीं दिनदर्शिकेंत रविवार पाहतात तशी तिथिहि पाहावी, अशी आमची सूचना आहे.

परतण्याची वेळ जाण्याच्या वेळेपेक्षां महत्त्वाची. ओहोटी पूर्ण होण्यापूर्वीं तास-दीड तास, पाणी उतरत असतांना निघावें. पाणी फिरल्यावर तासाच्या आंत किनाऱ्यावर परत यावें. पाणी सारख्या वेगानें चढत नाहीं. दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा असा आहे कीं, एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत व चौथ्यांत तीन तीन, पांचव्यांत दोन व सहाव्यांत एक भाग चढतो. उधाणाचा चढ तीनशें साठ सेंटिमीटर धरला तर पहिल्या तासांत तीस, दुसऱ्यांत साठ, तिसऱ्यांत नव्वद. पहिल्या तासांतील तीस सेंटिमीटर पाहून मनुष्य निश्चिंत होतो, आणि तिसरा तास संपतां संपतां पाणी मूळच्या पातळीपेक्षां एकशें ऐंशी सेंटिमीटर वर आलेलें असतें; एवढी उंची आपल्या शाळेंतील फारच थोड्या शिक्षकांची आहे. वाळवंट सपाट दिसलें तरी तें सपाट नसतें. खोलगट भाग आधीं भरतात, म्हणून आपल्या पायांखालीं कोरडें असतांनाच आपल्या व किनाऱ्याच्या मध्यें पाणी शिरूं शकतें. कोळी किंवा घोडागाडीवाले ‘आतां परत फिरा’ म्हणाले तर त्यांच्याशीं वाद घालूं नये. पावसाळ्यांत तर हा बेतच करूं नये.

आतां किल्ल्यांत शिरूं. इ. स. १६८० मध्यें शिवाजीमहाराजांनीं तो बांधावयास घेतला व संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत तो पुरा झाला. तटाजवळ जाऊन पाहुण्यांस दगडांच्या सांध्यांत बोट घालून पाहावयास सांगावें. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत. मध्यें चुना नाहीं. लाट आपटली कीं तिचें पाणी फटींत शिरून फुटतें व तिचा जोर तेथेंच विरतो. तीनशेंहून अधिक पावसाळे या तटानें असे काढले आहेत. चोहोंकडे खारें पाणी असतांना आंत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. लहान मुलांस तिचेंच सर्वांत नवल वाटतें. राघोजी आंग्रे यांनीं १७५९ सालीं बांधलेलें गणपतीचें मंदिर आंत आहे, आणि शेजारीं सर्जेकोट नांवाचा लहानसा जोडकिल्ला. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें हें एक प्रमुख ठाणें. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून त्यावर स्वारी केली, पण किल्ला त्यांच्या हातीं आला नाहीं. १७२९ सालीं कान्होजी वारले. त्यांची समाधि शहरांतच आहे, आणि किल्ला पाहून परतणाऱ्या दहांपैकीं नऊ जण तिच्याकडे न फिरकतां जातात.

तटावर चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफा आहेत. पाहुणे त्यांच्यावर हात टेकून छायाचित्र काढून घेतात, आणि बरोबरचा कोणी तरी ‘या आंग्र्यांच्या तोफा’ असें ठोकून देतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांस हळूच तोफेवरील अक्षरें वाचावयास लावावीं. तेथें इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांतील लो मूर येथल्या कारखान्याचें नांव व १८४९ हें साल कोरलेलें आहे. आंग्र्यांचें संस्थान इंग्रजांनीं १८४० च्या सुमारास खालसा केलें. मग १८४९ सालची तोफ आंग्र्यांची कशी असेल? इतिहासाचें पुस्तक न उघडतां, उभ्या उभ्या, एका आंकड्यावरून एवढा मोठा निर्णय करतां येतो, यासारखी मौज दुसरी नाहीं. मात्र हें सांगतांना मामांचा अपमान होणार नाहीं अशा बेतानें सांगावें.

शहरांतील हिराकोट कान्होजींनीं १७२० सालीं बांधला. त्याचा पुढें तुरुंग झाला. तो बाहेरून पाहून पुढें चालावें, कारण याहून विलक्षण एक जागा जवळच आहे आणि तिच्याकडे पाहुणे ढुंकूनहि पाहत नाहींत. ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्यास (तो कुलाबा निराळा व आपला किल्ला निराळा, हा घोटाळाहि पाहुण्यांच्या डोक्यांतून काढावा) एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापें घेतलीं जात होतीं. १८५९ सालच्या सप्टेंबरांत सूर्यावरील प्रचंड स्फोटानंतर जें चुंबकीय वादळ उठलें, त्याची तेथें झालेली नोंद आजहि जगांतील शास्त्रज्ञ अभ्यासतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहानें होकायंत्राची सुई हलते हा प्रयोग आपण वर्गांत केलाच आहे. ट्रामच्या विजेनें ते नाजुक वेध पार बिघडले असते. तेव्हां वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनीं समुद्रापलीकडील शांत अलिबाग निवडली. १९०४ सालीं येथें काम सुरू झालें. जुन्या व नव्या मापांचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेण्यांत आल्या, आणि १९०७ सालीं मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धांवूं लागली. येथील इमारतींत लोखंड वापरलेलें नाहीं, खिळासुद्धां नाहीं. आंत जाऊं द्यावयाचें कीं नाहीं हें तेथील अधिकाऱ्यांनीं ठरवावयाचें, म्हणून आधीं परवानगी विचारावी. परवानगी न मिळाली तरी फाटकाबाहेर उभें राहून ही हकीकत सांगतां येते. एक संबंध शहर विजेमागें लागलें आणि एका शास्त्रानें आमच्या गांवाचा आश्रय घेतला, हें ऐकून पाहुणा अलिबागेकडे नव्या नजरेनें पाहूं लागतो, असा आमचा अनुभव आहे.

गांवाच्या नांवाची गोष्टहि सांगावी. अली नांवाच्या एका सधन बेने इस्रायली गृहस्थाच्या येथें नारळी-आंब्याच्या बागा होत्या. ‘अलीची बाग’ यावरून अलिबाग, अशी परंपरा सांगतात. बेने इस्रायल म्हणजे या किनाऱ्यावरील यहुदी. जवळच नवगांवापाशीं त्यांच्या पूर्वजांचें तारूं फुटलें व सात जोडपीं तेवढीं वांचलीं, अशी त्यांची आख्यायिका आहे. ते घाण्यावर तेल गाळीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ म्हटलें. त्यांची मातृभाषा मराठीच. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबें इस्रायलांत गेलीं. तरी इस्रायल आळींत त्यांचें प्रार्थनामंदिर आहे. कधीं कधीं दूर देशाहून आलेले वृद्ध दांपत्य त्या आळींत आपल्या आजोबांचें घर शोधीत फिरतांना दिसतें, आणि वाट विचारतांना स्वच्छ मराठी बोलतें. अशांस कोणी पाहुणे म्हणावें?

खाण्याचा प्रकार शेवटीं ठेवला आहे, कारण मुलांचें सारें लक्ष तिकडेच असतें. थंडींत वालाच्या शेंगा भरल्या कीं रायगड जिल्ह्यांत पोपटी लावतात. मातीचें मडकें घ्यावें, तळाशीं भांबुर्डीचा पाला घालावा, त्यावर मीठ व ओवा लावलेल्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडीं, आणि ज्यांस चालतें त्यांनीं मसाला लावून पाल्यांत गुंडाळलेली कोंबडी भरावी. वर पुन्हां पाला दाबून तोंड बंद करावें. पाण्याचा थेंब घालावयाचा नाहीं. मडकें शेतांत पालथें ठेवून भोंवतीं पेंढा व पालापाचोळा रचून पेटवावा. अर्ध्या तासानें वरून पाणी शिंपडलें असतां चुर्र आवाज होऊन तें तात्काळ सुकलें, कीं पोपटी झाली. हाताळतांना मोठ्या माणसांनींच पुढें व्हावें. पाहुण्यांस ताट वाढून नुसतें बसवूं नये; त्यांस शेंगा निवडावयास, पाला आणावयास लावावें. जेवणानंतर सारे जण जाळाभोंवतीं बसून राहतात आणि कोणास घड्याळाची आठवण होत नाहीं. परततांना खंडाळें-कार्लें भागांतील पांढऱ्या कांद्याची वेणीसारखी गुंफलेली माळ बरोबर द्यावी. तो कांदा उन्हाळ्याच्या तोंडीं निघतो. नाताळांत कोणी ‘नवा कांदा’ म्हणून गळ्यांत मारूं लागला तर घेऊं नये.

विद्यार्थ्यांसाठीं दोन हिशेब देऊन थांबतों. एका घरीं शुद्ध दशमीस पाहुणे येणार आहेत व ते फक्त दुपारपर्यंत थांबणार. त्यांस किल्ल्यांत पायीं न्यावें काय? दुसऱ्या घरीं वद्य तृतीयेस येणार आहेत. त्यांनीं घरांतून केव्हां निघावें, आणि किती वाजतां परत किनाऱ्यावर असावें? उत्तरें वहींत लिहून, त्या त्या तिथीस किनाऱ्यावर उभें राहून पडताळून पाहावीं, आणि पाणी किती वाजतां फिरलें तें वेळेसह टिपून सुटीनंतर वर्गांत आणावें.